बकलम मुन्शीजी

धोतरावर शेरवानी घालणारा माणूस मी अख्ख्या परभणीत एकच पाहिला, आणि नशिबानं कचेरीत माझं टेबल नेमकं त्याच्या शेजारी आलं. कचेरीचा नियम शेरवानीचा होता. खाली काय घालावं याबद्दल नियमात एक अक्षर नाही, असं त्यांचं म्हणणं. हैदराबादहून मोठे साहेब दौऱ्यावर आले तेव्हा हेच उत्तर त्यांनी झोकदार उर्दूत दिलं आणि साहेब हसून पुढं गेले. त्याच दौऱ्यात माझं वरचं एक बटन उघडं राहिलं होतं, तर माझ्याकडून लेखी जबाब घेतला.

तर मी त्यांच्यावर जळायचो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं मी त्यांच्याबद्दल काही चांगलं बोललोच, तर ते नाइलाजानं निघालंय असं समजावं. आता ते नाहीत आणि माझेही केस पिकले, म्हणून 'ते' म्हणतो. तोंडावर तेव्हाही 'मुन्शीजी'च म्हणायचो, मनात मात्र 'हा'.

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं होती. सरकारनं आमदनीवर नवा कर बसवला होता, लोक त्याला टिकस म्हणायचे. शेतीच्या उत्पन्नाला ते नव्हतं. पण कापसाचे जिनवाले, आडते, वकील, घरभाडं खाणारे सगळे धास्तावले होते. आम्हा दोघांना खजिन्यातून उचलून या नव्या कचेरीत बसवलं. नियमांचं उर्दू पुस्तक आलं ते दोघांच्या हातात एकाच दिवशी पडलं. मी महिनाभर खपून ते पाठ केलं. मुन्शीजींनी एकदा वाचलं आणि टेबलाचा एक पाय आखूड होता त्याच्याखाली सरकवलं. तरी लोक कलम विचारायला त्यांच्याकडंच जायचे. जाताना माझ्या टेबलाला वळसा घालून जायचे, हे विशेष.

त्यांचा सगळा कायदा दोन शब्दांत मावायचा: आमदनी आणि वापसी. नवा रुपया आला तर ती आमदनी. आपलाच रुपया फिरून आपल्याकडं आला तर ती वापसी, आणि वापसीला टिकस नाही. शेरवानीचे दोन खिसेसुद्धा त्यांनी असेच वाटून टाकले होते. पगार उजव्यात. कुणी उसने नेलेले परत केले तर ते डाव्यात. हॉटेलवाल्यानं रुपयाची मोड दिली की सुट्टे डाव्यात. डाव्या खिशातून पैसे काढताना चेहरा कोरा असायचा. उजव्यातून एक आणा काढायचा तरी कपाळाला आठ्या.

पंचमीला त्यांची लेक माहेरी आली होती. शिपायानं विचारलं, "मुन्शीजी, घरी पाव्हणे आलेत मनं?"

"पोरगी आलीय, ती वापसी हाय," ते म्हणाले. "कडंवर नातू आणलाय, ती आमदनी. त्याच्यावर टिकस बसायलंय, रोज खोबरं-गूळ आणावं लागतंय."

कचेरी हसली. मीही हसलो, आणि संध्याकाळी घरी जाऊन तेच वाक्य माझं म्हणून बायकोला ऐकवलं. तिनं भाकरी थापता थापता मान वर केली. "मुन्शीजी आसंच मनले मनं. बाजारात बाया सांगायल्या व्हत्या." माझी भाकर तोंडात तशीच फिरत राहिली.

एकदा एक निवृत्त पोस्टमास्तर आले. सावकारी पेढीवर ठेव ठेवली होती, ती मुदतीआधी काढली, आणि आता सगळ्या रकमेवर टिकस बसणार या भीतीनं त्यांचं पाणी पाणी झालं होतं. त्या दिवशी मुन्शीजी जागेवर नव्हते म्हणून ते माझ्या वाट्याला आले. मी त्यांना पुस्तकातल्या कलमांसकट अर्धा तास समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सगळं बरोबर हाय साहेब, पर तुमी इतका येळ माझ्यावर कामून चिडायलाव?"

तेवढ्यात मुन्शीजी आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "मास्तर, ठेवले किती?"

"हजार."

"आले किती?"

"हजार ऐंशी. शंभर याज मिळायचं व्हतं, आधी काढले म्हून वीस कापले."

"हजार तुमचेच, ती वापसी. वीस आलेच न्हाईत, त्यांचं नाव सोडा. ऱ्हायले ऐंशी. आता ऐंशीचं बोला."

पोस्टमास्तरांनी त्यांचे हात धरले. मी जे अर्धा तास बोललो ते तेच होतं, अगदी तेच, पण हात माझे कुणी धरले नाहीत. शिवाय हॉटेलातून दोन कप चहा आला, तो त्यांच्या दोघांचा.

दुसरी तऱ्हा डब्याची. तंबाखूचा रिकामा डबा टेबलावर असायचा, त्यात ते स्वतःलाच जुर्माना करायचे. यायला उशीर झाला, पैसा. बेरीज चुकली, पैसा. कुणाला विनाकारण टाकून बोलले तर दोन पैसे. कटौती आणि जुर्माना यांत गल्लत केलेली त्यांना खपायची नाही. समोरच्यानं कराराप्रमाणं कापून घेतलं ती कटौती. ते पैसे आपल्यापर्यंत पोचलेच नाहीत, तेव्हा ती आमदनीतून गेलीच. जुर्माना म्हणजे स्वतःच्या चुकीचं. तो पदरचा भरायचा आणि त्याची सूट कुठं मागायची नाही.

एका सोमवारी आमचे मोहतमीमसाहेब, म्हणजे कचेरीचे वरिष्ठ, तासभर उशिरा आले. मुन्शीजी उठले आणि डबा त्यांच्यापुढं धरला. साहेबांनी डब्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. "हौ मुन्शीजी, ये बी सई है," म्हणाले आणि एक आणा टाकला. पुढं पुढं तर उशीर झाला की ते आणा हातात धरूनच आत यायचे आणि दोघं हसायचे. मी डबा पुढं केला असता तर दुसऱ्या दिवशी माझी बदली येलदरीकडच्या रानातल्या एखाद्या चौकीवर झाली असती, हे मी लिहून द्यायला तयार आहे.

मीही प्रयत्न केले. शिंप्याकडून शेरवानीला आतून एक जादा खिसा लावून घेतला. दोन दिवसांत कुठला आमदनीचा आणि कुठला वापसीचा ते विसरलो, आणि भाजीवालीसमोर तिन्ही खिसे उलटे करत उभा राहिलो. नशिबाचा दुष्टपणा असा की ते पाहायला मुन्शीजी नेमके तिथं पेरू घेत होते. त्यांनी एका शब्दानं चिडवलं नाही. माझ्या भाजीचे पैसे डाव्या खिशातून देऊन टाकले आणि म्हणाले, "वापसी करा सवडीनं."

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती.

माझे सासरे पोखर्णीचे पाटील. मोसंबीची बाग होती आणि विहिरीवर मोट चालायची. त्यांनी पूर्वी परभणीच्या एका जिनात भागीदारांकडं बारा हजार हाली, म्हणजे निजामी रुपये, गुंतवले होते. कागद असा: भागीदारांनी दर साल दीड हजार द्यायचे, त्यात हजार मुद्दलाचे आणि पाचशे नफ्याचे. मुद्दल फिटल्यावरही सासऱ्यांच्या हयातीपर्यंत पाचशे चालू ठेवायचे. मधेच पैसे हवे झाले तर उरलेलं मुद्दल मिळेल, पण दहावा हिस्सा कापून. असल्या दर सालच्या रकमेला आमच्याकडं सालीना म्हणायचे, आणि त्या कागदाला सालीनानामा.

सहा वर्षं सालीना आला. मग सासऱ्यांच्या मनात तेलावर चालणारं इंजिन भरलं. उन्हाळ्यात मोटेचं पाणी बागेला पुरेना, झाडं पिवळी पडायला लागली होती. त्यांनी सातव्या सालचा सालीना न घेता उरलेलं सहा हजार मुद्दलच काढून घेतलं. सहाशे कापले गेले, चोपन्नशे हातात आले. त्यातले बहुतेक इंजिनाच्या बयाण्यात, नळात आणि विहिरीच्या बांधकामात गेले. इंजिन मुंबईहून परभणीच्या मालधक्क्यावर येऊन पडलं होतं. शेवटचे आठशे भरले की सुटणार; दोन महिन्यांच्या आत भरले नाहीत तर माल परत आणि बयाणा बुडाला. ते आठशे सासऱ्यांनी धोतराच्या जुन्या फडक्यात बांधून वेगळे ठेवले होते.

अशात त्यांच्या नावानं टिकसाचा फॉर्म आला. ते तो घेऊन थेट माझ्याकडं आले. "जावईबापू, घरचा मानूस कचेरीत आसताना मी भाईर कामून जाऊ?"

माझी छाती दोन बोटं वर आली. बायको मात्र आतून म्हणाली, "मुन्शीजींला इचारा की एकदा."

"का? मला येत नाही?"

"येतंय की. पर त्यांला लवकर येतंय."

झालं. मुन्शीजींना विचारायचं नाही, हे त्या क्षणी पक्कं ठरलं. ठेवीचं मला पाठ होतं, पण ही ठेव नव्हती, सालीना होता, आणि पुस्तकात सालीना या शब्दाखाली मला काही सापडेना. वीस दिवस फॉर्म माझ्या खणात पडून राहिला. मुदत संपत आली, संपली. दोन हातांवर उत्तर बसलेलं होतं, पेरूला मीठ लावून खात. मी तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

शेवटी एका दुपारी घाईनं भरायला बसलो. छापील रकाना होता, 'सालाना आमदनी'. सालाना म्हणजे वार्षिक, एवढं उर्दू मला येत होतं. पण आमच्या तोंडात जन्मभर सालीना घोळलेला. त्या घाईत मला दोन शब्दांत फरकच दिसेना. सालीन्याचे पैसे सालाना आमदनीत जाणार, नाहीतर कुठं? मी तिथं सहा हजार लिहिले. पावतीवर तोच आकडा मोठा होता. सहाशेची कटौती खाली बारीक अक्षरात होती, ती वजा करायचंही राहिलं. उर्दू न येणाऱ्याचा कागद जो लिहील त्यानं शेवटी 'बकलम' लिहून आपलं नाव घालायचं, अशी रीत होती. मी बकलम लिहिलं आणि नाव जरा मोठंच काढलं.

पंधरा दिवसांनी मागणी निघाली. टिकस आणि उशिराचा जुर्माना मिळून सातशे.

सासरे कचेरीत आले तेव्हा ते फडकं त्यांच्या हातात होतं. माझ्या टेबलावर ठेवून गाठ सोडायला लागले. म्हणाले, "घ्या. इंजान जाऊ द्या माघारी. मोट हाय की अजून."

"बाग?" मी कसंबसं विचारलं.

"निम्मी जगंल." मग मलाच धीर द्यायला म्हणाले, "तुमी मधी व्हते म्हून सातशेवर भागलं, जावईबापू. दुसऱ्यानं लिवलं आसतं तर किती बसलं आसतं!"

चूक झाली हे मला तोवर उमगलं होतं. कुठं झाली ते मात्र कळत नव्हतं. गाठ घट्ट बसली होती आणि म्हाताऱ्याची नखं तिच्यात रुतत नव्हती.

"पाटील, गाठ ऱ्हाऊ द्या," शेजारून आवाज आला. "जिनात ठेवले किती व्हते?"

सासऱ्यांनी सगळं सांगितलं, सालीनानामा दाखवला. मुन्शीजींनी तो वाचला. मग माझा फॉर्म मागवून वाचला. 'सालाना'वर त्यांचं बोट थांबलं, आणि मला ते बोट कापून टाकावंसं वाटलं. त्यांनी कागद मिटला. "भाऊ, जरा भाईर या."

बाहेर चिंचेखाली त्यांनी माझ्या हातात कोरा कागद दिला. "लिहा."

"मी? तुम्हीच लिहा ना. तुम्हालाच येतंय."

माझ्या आवाजातली कडू चव त्यांना लागली असणार. पण ते एवढंच म्हणाले, "पयल्या कागदावर बकलम कोणाचं हाय?"

"माझं."

"मग दुसऱ्यावर माझं गेलं तर साहेब इचारतील, पयल्यानं काय केलं. चौकशी लागंल तुमची. त्याच हातानं लिवलं तर ती दुरुस्ती. लिहा."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. सालीना या नावानं जे ठरलं होतं त्यात मुद्दल मिसळलेलं आहे. यंदा आली ती रक्कम सगळी मुद्दलाची, म्हणजे वापसी. तिला आमदनी म्हणता येणार नाही. सहाशे हातात आलेच नाहीत. नफ्याचा यंदा एक पैसा मिळालेला नाही. चारच ओळी होत्या. दोन ठिकाणी माझे अक्षरांचे नुक्ते चुकले, ते त्यांनी खिडकीतून कुणी पाहत नाही ना हे बघून दुरुस्त करून दिली.

"आणि जुर्माना?" मी विचारलं.

"तो न्हाई सुटायचा. उशीर झाला तो झाला." मग म्हणाले, "आन् तो सासऱ्यानं भरायचा न्हाई."

पंचवीस रुपये. माझा वीस-बावीस दिवसांचा पगार. मी भरला, आणि त्याबद्दल त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या.

मोहतमीमसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला. खालचं नाव पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "आपकी गलती आप पकड़े? शाबास!" मागणी रद्द झाली. नोकरीतला माझा तो पहिला शाबास. मुन्शीजी पलीकडं बोरूचं टोक तासत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

खरं सांगतो, त्या क्षणाइतका मी त्यांच्यावर कधी जळलो नव्हतो. त्यांनी माझी चूक चारचौघांत काढली असती तर मला रागवायला जागा मिळाली असती. त्यांच्या धोतराची, खिशांची, डब्याची मी नक्कल करू शकलो असतो. पण असं काही हातात आलेलं मी दुसऱ्याच्या नावावर करून गप्प बसलो नसतो, मेलो तरी नसतो, आणि हे मला माहीत होतं.

इंजिन पोखर्णीला गेलं. सासऱ्यांनी ते सुरू करायचा दिवस धरला, नारळ फोडला, गावाला जेवण घातलं. मुन्शीजींनाही बोलावणं होतं. ते धोतर-शेरवानीत आले आणि गावकऱ्यांच्या पंगतीत बसले. इंजिनानं चार वेळा खोकून पाणी ओढलं, बाया-माणसं ओरडली, आणि सासऱ्यांनी सगळ्यांसमोर माझ्या डोक्याला फेटा बांधला. "ह्यांनी सवताच्या हातानं अर्ज लिवला म्हून हे पानी दिसायलंय," ते म्हणाले.

मी मुन्शीजींकडं पाहिलं. मला वाटलं, आता तरी ते डोळ्यांत हसतील. एखादी खूण करतील. ते शेजारच्याला म्हणाले, "जावई हुशार हाय पाटलाचा," आणि कढीची वाटी तोंडाला लावली. त्यात थट्टेचा लवलेश नव्हता, मी नीट शोधला.

पुढच्या काळात राज्य गेलं, कचेरीतली उर्दू गेली. मुन्शीजी नोकरी सोडून लेकीकडं राहायला गेले आणि तिकडंच वारले असं ऐकलं. मी त्यांना कधी काही म्हणालो नाही. उसने भाजीचे पैसेही माझ्याकडंच राहिले.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. दुपार कलताना आम्ही छकड्यातून परभणीला निघालो. फेटा मी अजून उतरवला नव्हता. बागेपर्यंत पाण्याचा आवाज ऐकू येत होता. गाव मागं पडल्यावर बायकोनं विचारलं, "आवो, खरंच तुमी लिवलं ते?"

गाडीवान पुढं बैलांशी बोलत होता. मला तिला सगळं सांगता आलं असतं. परभणीच्या वेशीपर्यंत रस्ता मोकळा होता.

"हो," मी म्हणालो. खोटं नव्हतं. हात माझाच होता.

तिनं माझ्याकडं वळून पाहिलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण असं तिनं माझ्याकडं एकदाही पाहिलं नव्हतं, आणि नंतरही पुन्हा कधी पाहिलं नाही. मी मान खाली घातली. ती नजर खरी मुन्शीजींच्या वाट्याची होती, आणि ती त्यांना मिळायला नको म्हणून मी गप्प बसलो होतो.